उपाशी जोंधळ्याचं बी

सोजरबाईंच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं ज्वारीचं बी माझ्या हातून संपलं. एक जण सोडला तर हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, साहेबांजवळ नाही, आणि जिच्याजवळ बोलायलाच हवं होतं तिच्याजवळ तर नाहीच. या अंकाच्या संपादकांनी सांगितलं होतं, "नोकरीतल्या गमतीजमती लिहा." मीही त्याच लिहायला बसलो होतो. पण प्रत्येक वेळी पेन बेंबळीच्या शिवारात जाऊन अडकायला लागला. तेव्हा म्हटलं, आता हेच.

माझी नोकरी ज्वारीची. पाहुण्यारावळ्यांत हे सांगितलं की लोक हसतात. ज्वारीची कसली नोकरी? ती तर आपोआप येते. मी ज्वारीच्या संशोधन केंद्रावर क्षेत्र सहायक. शास्त्रज्ञ कागदावर आखणी करतात, मजूर शेतात राबतात, आणि या दोघांच्या मध्ये जो छत्री घेऊन बांधावर उभा असतो तो मी. कुठल्या सरीत काय पेरलं, कुठली कणसं झाकायची, कुठली कापायची, हे बघणं माझं काम.

बाहेरच्या माणसाला एवढं कळलं तरी पुरे, की ज्वारीच्या प्रत्येक दाण्यात आईचा आणि बापाचा वाटा असतो. बापाचा वाटा परागातून येतो. वारं सुटलं की शेजारच्या ताटाचा, म्हणजे शेजारच्या रोपाचा, परागही येऊन बसतो. म्हणून एखादं वाण चोख ठेवायचं असेल तर फुलोरा यायच्या आधीच कणसावर कागदी पिशवी चढवतात. पिशव्या चढवलेला प्लॉट लांबून बघितला तर गांधीटोप्या घालून माणसं सभेला बसल्यासारखी वाटतात, आणि सभेतल्यासारखंच त्यातलं कुणी काही बोलत नाही. आणखी एक गोष्ट. यंदा पडलेला पराग यंदाच्या ताटात, पानात, टरफलाच्या रंगात काही बदल करत नाही. तो दाण्यात शिरून गप्प बसतो आणि तो दाणा पेरल्यावर पुढच्या साली बोलतो. आमच्या धंद्यात आलेल्या माणसाला हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. मलाही शिकवलं होतं.

मी नोकरीला लागलो तो बहात्तरच्या दुष्काळात. केंद्राचं गाव कागदावर उस्मानाबाद, लोकांच्या तोंडी धाराशिव. विहिरी आटलेल्या, माणसं खडी फोडायला, रेशनवर अमेरिकेहून आलेला लाल मिलो, म्हणजे तिकडची ज्वारी. आमच्या साहेबांनी एक चांगली गोष्ट काढली. म्हणाले, "असल्या सालात ज्याच्या रानात दोन कणसं उभी आहेत, त्याच्या बियाणात काहीतरी आहे. फिरा, आणि जे वाचलंय ते आणा." मी कापडी पिशव्या घेऊन गावोगाव हिंडू लागलो.

बी मागणं सोपं नव्हतं. येरमाळ्याच्या बाजूला एका म्हाताऱ्यानं मला बघताच कणसं वाकळेखाली दडवली आणि वर स्वतः बसला.

"बाबा, चार कणसं द्या. सरकारला पाहिजेत."

"आज चार कणसं म्हनायचं, उद्या लेव्ही म्हनून पोतंच उचलायचं. सरकार मला नवं न्हाय."

शेवटपर्यंत तो उठला नाही. त्याचं बी वाचलं, हे आता मला बरं वाटतं.

बेंबळीला सोजरबाई भेटल्या. गायरानातला उताराचा तुकडा त्यांच्या घराला मिळालेला. वर मुरूम, खाली खडक. छपराच्या मेढीला बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर एकाच खिळ्याला टांगलेली. शेजारच्या काळ्या रानाचे धनी शिवलिंगअप्पा. अप्पा लिंगायत, घरात कानडी. बैलांना रागवायचे ते कानडीत आणि माणसांना मराठीत. या दोन घरांचं एक जमून गेलेलं होतं. पेरणीला अप्पा आपली तिफण आणि बैल सोजरबाईंच्या तुकड्यात घालायचे, आणि काढणीला सोजरबाई आणि त्यांचे मालक अप्पांच्या खळ्यावर राबायचे. त्या काळात, त्या दोन समाजांत, एका बांधावर हे असं निभत होतं याचं मला तेव्हा काही विशेष वाटलं नाही. वाटायला पाहिजे होतं.

मी गेलो तेव्हा अप्पा बांधावरच होते. म्हणाले, "सायेब, हिच्या मुरमात तिफन घालायची म्हंजे फन झिजवायचा धंदा हाय बघा."

सोजरबाई तिकडूनच बोलल्या, "झिजू द्या की अप्पा. तुमच्या फनापरीस माझी कंबर जास्त झिजलीया तुमच्या खळ्यावर."

"ऐकलं का? ऐकून घ्यावं लागतंय, सायेब. औंदा दाना हिच्याच रानात हाय."

खरंच होता. अप्पांचं काळं रान भेगाळून पडलेलं, आणि या मुरमात ज्वारी उभी. ताट बुटकं, कणीस मुठीएवढं, दाण्याला धरून काळंभोर टरफल. पण पानं हिरवी. आजूबाजूला सगळं कडब्यासारखं वाळून खडखडत असताना हिरवी.

"ह्येला उपाशी म्हंत्यात," सोजरबाई म्हणाल्या. "पानी नसलं तरी पिकतो. माझ्या सासूच्या सासूनं आनलेला हाय."

मी कणसं मागितली. त्यांनी निवडून दिली, चांगली चांगली. देताना मला थांबवलं.

"न्हेतो म्हनू न्हाय, सायेब. बी न्हेत नसत्यात. वाढवून आनतो, म्हना."

मी हसून म्हणालो, "वाढवून आणतो." आणि वर, नव्या नोकरीच्या तोऱ्यात, आणखी एक बोललो. "सोजरबाई, आता काळजी सोडा. तुमच्याकडचं संपलं तरी सरकारच्या घरात हे बी राहील."

त्या उन्हाळ्यात त्यांच्या घरानं खडी फोडली, कामावर मिळणारी सरकारी सुकडी खाल्ली, आणि जेव्हा तीही पुरेना तेव्हा बियाण्याचं गाडगं फोडून उरलेला उपाशी दळून खाल्ला. कुठल्याही भुकेत बियाण्याला हात न लावणारं घर ते. सरकारच्या घरात बी आहे म्हणून निर्धास्त खाल्लं. हे मला नंतर कळलं.

आमच्याकडे नियम होता, गोळा केलेलं बी सगळं पेरायचं नाही, अर्धं डब्यात मागं ठेवायचं. साहेबांना मोठा प्लॉट दाखवावा म्हणून मी सगळं पेरलं. केंद्राच्या विहिरीला थोडं पाणी होतं, त्यावर उन्हाळी पेरा केला. आता या जुन्या रब्बी ज्वारीची एक खोड असते. दिवस मोठा होत गेला की ती निसवायचं नाव घेत नाही, नुसती पानं वाढवते. बाकीच्या वाणांची कणसं बाहेर पडली तरी उपाशी आपला हिरवागार, गुडघ्याच्या वर, लुसलुशीत. सगळ्या पंचक्रोशीत त्या वैशाखात तेवढं हिरवं दुसरं काही नसेल.

आमचं गाव केंद्रापासून जवळच. वडिलांना आम्ही तात्या म्हणायचो. आमच्या जोडीतला एक बैल छावणीत गेला होता, म्हणजे मेला होता. दुसऱ्याला घेऊन तात्या एका संध्याकाळी केंद्राच्या कुंपणाशी येऊन उभे राहिले. बैलाच्या बरगड्या मोजाव्यात अशा. तात्या काही मागायला आले नव्हते. ते कधीच मागत नसत. बैल मात्र कुंपणावरून मान पुढं काढून उभा.

"त्याला वास आलाय," तात्या म्हणाले. "घिऊ दे वास. जातो मी."

मी विळा घेतला. कडेच्या, रस्त्यावरून न दिसणाऱ्या ओळी सोजरबाईंच्या होत्या. पहिल्या दिवशी थोडी कापली. दुसऱ्या दिवशी तात्या आले नाहीत, तर मीच पेंढी बांधून पाठवून दिली. मग हाताला सवय लागली. खोडवा फुटेल, पुन्हा येईल, असं स्वतःला सांगत होतो. पुढं विहीर आटली. काही फुटलं नाही. माझ्या हातात सोजरबाईंचा एक दाणाही उरला नाही.

बैल जगला. त्यानं पुढच्या साली आमचं रान पेरलं. दुष्काळात वैरण चोरली याची मला लाज आहे, पण ती गिळता येते. मुक्या जनावरापुढं कुणाचा विळा थांबला असता? मी जे लिहितोय ते त्याच्या पुढचं आहे.

साहेबांपुढं बी ठेवायची वेळ आली तेव्हा मी गोदामातली मालदांडी घेतली, पिशवीत भरली आणि वर बेंबळीची चिठ्ठी लावली. मालदांडी चांगलीच ज्वारी. मोत्यासारखा दाणा. फक्त ती उपाशी नव्हती.

पाऊस झाला. रब्बीच्या पेऱ्याआधी सोजरबाई केंद्रावर आल्या. बी आणायला रिकाम्या हातानं जात नाहीत म्हणून पदरात तरोट्याची भाजी बांधून आणलेली.

"जयभीम, सायेब. वाढला का आमचा उपाशी?"

तेव्हा सांगता आलं असतं. त्या रडल्या असत्या, मला शिव्या दिल्या असत्या, कदाचित साहेबांकडे गेल्या असत्या. नोकरी नवी, घरात मी एकटा मिळवता. मी मालदांडीची पिशवी त्यांच्या पुढं केली. त्यांनी मूठभर दाणे हातात घेतले.

"टरफल न्हाय व्हय?"

"मळून घेतलंय. स्वच्छ केलंय."

"सरकारचं काम ब्येस असतं," त्या म्हणाल्या, आणि भाजी माझ्या टेबलावर ठेवून गेल्या. मी ती भाजी त्या दिवशी शिजवून खाल्ली. का खाल्ली, ते मला अजून सांगता येत नाही.

थंडीत त्यांचा निरोप आला, जरा येऊन बघा. गेलो. अप्पांनी आपल्या तिफणीनं पेरून दिलं होतं. ज्वारी निसवली होती आणि सगळी कणसं पांढरी. पाण्याची ओढ बसली तशी मुरमातली पानं खालून वाळत वर चाललेली. सोजरबाई एकेका ताटापाशी थांबून कणीस उलटंपालटं करत होत्या, बाजारात हरवलेलं लेकरू गर्दीत शोधावं तशा.

"सायेब, ह्ये आमचं न्हाय."

अप्पाही आलेले. त्यांनी त्या वर्षी सोसायटीतून आलेली सुधारित ज्वारी पेरली होती. बांधापलीकडं ती डोलत होती. मी त्या ज्वारीकडं बघितलं. पुढचं वाक्य मी काही ठरवून आलो नव्हतो. पण तोंडातून जे निघालं ते इतकं सरळ निघालं की मलाही ते खरं वाटलं.

"सोजरबाई, बी तुमचंच आहे. पण शेजारी बघा काय आहे. त्या ज्वारीचा पराग वाऱ्यानं तुमच्यात आला. बी फिरलं."

"म्हंजे?"

"म्हणजे भेसळ झाली. शास्त्रच आहे तसं. तुम्ही कणसं झाकायला हवी होती."

अप्पा हसले. त्यांना आधी ती थट्टाच वाटली. "सायेब, आमच्या जवारीला काय पाय फुटले का? बांध वलांडून हिच्या रानात कशाला जाईल ती?"

"पराग जातो, अप्पा. दिसत नाही एवढंच."

सोजरबाई अप्पांकडं बघत होत्या. "तुमी तर म्हनला, सोसायटीचं बी लई भारी हाय."

"भारी हायच की."

"भारी हाय म्हनून माझ्यात घातलं?"

"अगं, म्या काय घातलं? वारं काय माझ्या घरचा गडी हाय?"

"आमच्या सासूच्या सासूचं बी. एवढा दुष्काळ गेला, त्येला काय झालं न्हाय. तुमच्या बांधाला लागून नासलं."

अप्पांचा चेहरा उतरला. ते माझ्याकडं वळले. "सायेब, खरं सांगा. माझ्यामुळं झालं का ह्ये?"

पहिल्या आठवड्यात शिकवलेली गोष्ट माझ्या डोक्यात अगदी स्पष्ट होती. यंदाचा पराग यंदाचं टरफल पांढरं करत नाही. एवढं एक वाक्य बोललो असतो तर अप्पा सुटले असते. पण ते सुटले असते तर मग मी उरलो असतो.

"मुद्दाम नाही केलं तुम्ही," मी म्हणालो. "पण झालं तुमच्यामुळंच."

माणसाला खोट्यात अडकवायचं तर त्यात थोडं खरं घालावं लागतं. मी तर अख्खं शास्त्र घातलं.

पुढच्या पेऱ्याला अप्पांनी तिफण पाठवली नाही. काही लोक म्हणतात, पाठवली होती पण सोजरबाईंनी बांधावरून परतवली. अप्पांच्या खळ्यावर त्या घरातलं कुणी गेलं नाही. मग गावानं हे भांडण आपल्या हातात घेतलं. अप्पांच्या बाजूनं कुणी म्हणालं, गायरान दिलं की असं डोक्यावर बसतात. सोजरबाईंच्या बाजूनं कुणी म्हणालं, आपलं चांगलं त्यांना बघवत नाही. दोन माणसांत जे होतं ते दोन आळ्यांचं झालं. सोजरबाईंनी एक साल हातानं टोकण केली, नंतर ते रानच सोडलं. नवराबायको साखर कारखान्याच्या तोडीवर जायला लागले. तुकडा पडीक पडला, त्यात बाभळी माजल्या.

मी या सगळ्या काळात बढत्या घेत होतो. शेतकऱ्यांच्या मेळाव्यात "बियाण्याची शुद्धता" या विषयावर माझं भाषण ठरलेलं असे. लोकांना ते आवडायचं, कारण मी सोपं करून सांगायचो. पराग शेजाऱ्याकडून येतो, हे सांगून झालं की मी पाण्याचा पेला उचलायचो. ऐकणाऱ्यांना वाटायचं, धुळीनं.

आता अलीकडची गोष्ट. केंद्रावर एक तरुण शास्त्रज्ञ आल्या आहेत, डॉक्टर मनीषा. आमच्या गोदामातल्या जुन्या वाणांची त्या डीएनएवरून ओळख पटवतात. पान कुटून त्यातला डीएनए काढायचा, यंत्रात घालायचा, मग जेल नावाच्या चिकट थरावर रेघा उमटतात. दोन वाणांच्या रेघा ओळीनं जुळल्या की समजायचं, एकाच घराण्यातली आहेत. आम्ही कणसाकडं बघून ओळखायचो, त्या आत शिरून ओळखतात. पाणी तुटल्यावरही पान हिरवं ठेवणारी जनुकं कुठं असतात, याचा सध्या जगभर शोध चालू आहे. दुष्काळात ज्याचं पान हिरवं, त्याचा दाणा भरतो. म्हणून त्या जुन्या नोंदी चाळत होत्या, आणि एक दिवस मला बोलावलं.

"सर, हे बेंबळीचं वाण बघा. नोंद आहे, टरफल काळं, पान शेवटपर्यंत हिरवं. अक्षर तुमचंच ना?"

"माझंच."

"पण ही तर मालदांडी आहे. प्रत्येक रेघ जुळते. त्या वेळी चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असेल का?"

"असेल. दुष्काळाचे दिवस होते."

"मूळ बी कुणाकडं मिळेल का, सर? नोंद खरी असेल तर आम्ही शोधतोय ते यातच..." त्यांच्या डोळ्यांत एवढी आशा होती की मी भिंतीकडं बघितलं.

"आता कुठलं मिळणार," मी म्हणालो.

म्हणजे पुन्हा तेच. यंत्रानं माझं खोटं पकडून माझ्या हातात दिलं, आणि मी ते दुष्काळाच्या नावावर टाकून मोकळा झालो.

त्या रविवारी मी सोजरबाईंकडं गेलो. त्या आता मुलाजवळ धाराशिवातच असतात. मुलगा एसटीत आहे. म्हाताऱ्या झाल्या आहेत, पण मला आवाजावरून ओळखलं. "या सायेब, या," म्हणत सुनेला चहा टाकायला सांगितलं. मुलाबाळांची चौकशी केली. मी ठरवून गेलो होतो. सुरुवात करावी म्हणून विचारलं, "बेंबळीला जाणं होतं का?"

"कशाला जाऊ? काय हाय तिथं?" मग त्याच म्हणाल्या, "अप्पा गेले, कळलं का तुमाला? लई दीस आजारी हुते. त्येंच्या पोरानं निरोप धाडला हुता, अप्पा तुमची आठवन काढत्यात म्हनून. म्या गेले न्हाय. मातीलाबी गेले न्हाय."

मी कप खाली ठेवला.

"लई चांगला शेजार हुता, सायेब. माझं पोरगं तापानं फनफनलं तवा त्येंनी गाडी जुपून बेंबळीवरनं दवाखान्यात आनलं हुतं. पर बी नासवलं त्येंनी. तुमीच सांगितलं न्हवं का? तुमी नसता तर आमाला कळलंबी नसतं."

सुनेनं विचारलं, आणखी चहा टाकू का. मी नको म्हणालो. उठलो. दारापर्यंत सोजरबाई आल्या, "येत जावा" म्हणाल्या. मी "येतो" म्हणालो, आणि जे सांगायला गेलो होतो ते न सांगता रस्त्याला लागलो.

डॉक्टर मनीषांना मी दुसऱ्या दिवशी खरं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि नोंदीपुढं लिहिलं, मूळ वाण नष्ट. त्यांच्यापुढं बोलणं त्या मानानं सोपं गेलं. त्यांचं माझ्यामुळं संशोधन अडलं, शेजारी तुटला नाही.

या लेखानंही माझं काम होत नाही. सोजरबाईंना वाचता येत नाही, आणि त्यांना दुसऱ्या कुणी वाचून दाखवावा अशी सोय करून मी बाजूला राहणं हीसुद्धा पळवाटच आहे. बी मला परत देता येणार नाही. ते आता कुठंही नाही. पण शिवलिंगअप्पांनी तुमचं बी नासवलं नव्हतं, ते मी कापून बैलाला घातलं, आणि तुमच्या बांधावर उभा राहून खोटं बोललो, हे सोजरबाईंच्या समोर बसून माझ्या तोंडानं सांगण्याचं देणं मी लागतो. बेंबळीला जाऊन अप्पांच्या मुलाला हेच सांगण्याचं देणंही मी लागतो. आज हे लिहीपर्यंत दोन्हींतलं काहीही मी केलेलं नाही.